आर्मचेअर घेताना आणि बनवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात आर्मचेअर डिझाइन करतो आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून ठरलेल्या सुतारांकडून त्या बनवून घेतो. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वर्कशॉपच्या दारात उभं राहून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या. मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. सुतार आणि फोमवाले इंचातच बोलतात, म्हणून गरज पडेल तिथे इंच.

खुर्ची निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

सीटची डेप्थ, म्हणजे सीटच्या पुढच्या कडेपासून पाठीच्या गादीपर्यंतचं अंतर. रंग, कापड, मऊपणा हे सगळं नंतर.

बाजारातल्या बऱ्याच सिंगल सीटरची डेप्थ 55 ते 60 सेंटिमीटर असते. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईचं पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं अंतर असतं साधारण 44 ते 46. आता तिने या खुर्चीत बसायचं कसं? पाठ टेकवली तर पाय जमिनीवरून सुटतात आणि सीटची कड पोटरीत रुतते. पाय टेकवले तर पाठ अधांतरी. मग घरोघरी होतं तेच होतं: पाठीमागे एक उशी येते, काही दिवसांनी दुसरी. बसताना उशी लावावीच लागत असेल तर डेप्थ चुकली आहे, असं खुशाल समजा. लोक मात्र खुर्चीला काही बोलत नाहीत. "खुर्ची छानच आहे हो, माझीच कंबर धरते," असं म्हणतात.

एवढ्या खोल सीट विकल्या जातात, कारण त्या फोटोत ऐसपैस दिसतात. शिवाय सोफ्याच्याच पॅटर्नमधून एकट्याची खुर्ची कापली की कारखान्याचं काम सोपं होतं. घरातल्या सगळ्यांसाठी एकच खुर्ची असेल तर आम्ही डेप्थ बरीच कमी ठेवतो. सहा फुटी माणूस एकटाच बसणार असेल तर थोडी जास्त. नवरा-बायकोच्या उंचीत बराच फरक असेल तर माप कमी उंचीच्या माणसाचं धरावं. उंच माणसाला थोडी तोकडी सीट चालून जाते. उलटं चालत नाही.

माझं माप घरच्या घरी कसं घेऊ?

सपाट, कडक स्टूल भिंतीला लावा. चपला काढून, पाठ आणि कुल्ले भिंतीला टेकवून बसा, पावलं जमिनीवर सपाट. दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. स्वतः वाकून माप घेतलं की ते हमखास चुकतं. तीन मापं लागतात.

पहिलं, भिंतीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत. त्यातून पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटं, वजा केली की सीटची डेप्थ. दुसरं, जमिनीपासून लवणीपर्यंतची उंची. ही झाली सीटची उंची, पण तुम्ही बसल्यावर गादी दबल्यानंतरची. मऊ गादी तीन-चार सेंटिमीटर सहज दबते, म्हणून दुकानात रिकाम्या खुर्चीला टेप लावून उपयोग नाही. तिसरं, खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवायचं आणि स्टुलापासून कोपरापर्यंत मोजायचं. ही खुर्चीच्या हातांची उंची.

भारतीय शरीरांच्या मापांचा एक चांगला संग्रह देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केला आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो 1997 साली प्रसिद्ध केला. डिझाइन शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर तो असतोच. पण तुम्ही एकाच माणसासाठी खुर्ची करून घेत असाल तर सरासरीपेक्षा त्या माणसाचा टेप खरा.

फोम मऊ घ्यावा की कडक? 32 डेन्सिटी, 40 डेन्सिटी म्हणजे नेमकं काय?

डेन्सिटी म्हणजे वजन. एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो भरलं की तो 32 डेन्सिटीचा फोम. कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे. जास्त डेन्सिटीचा फोमही मऊ असू शकतो आणि हलका फोमही हाताला टणक लागू शकतो. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखे बोलतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

डेन्सिटीवरून कळतं की फोम किती वर्षं आपला आकार धरून राहील. हलका फोम पहिल्या दिवशी मस्त वाटतो आणि वर्षभरात मधोमध खड्डा पडतो. रोज बसायच्या सीटसाठी आम्ही 40 डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळून येणारा) फोम चार इंच आणि त्यावर एक इंच मऊ थर देतो. पाठीला 28 ते 32 चालतो, कारण तिथे वजन कमी येतं.

फसवणूक पकडायची असेल तर गादीची चेन उघडून फोम बाहेर काढा आणि वजनकाट्यावर ठेवा. 22 इंच बाय 22 इंच, चार इंच जाडीचा तुकडा 32 डेन्सिटीचा असेल तर साधारण एक किलो भरतो, 40 चा असेल तर सव्वा किलोच्या थोडा वर. काटा 700 ग्रॅमवर थांबला तर तुम्हाला 22 डेन्सिटीचा फोम दिला आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. अर्थात काही फोममध्ये वजन वाढवायला खडूसारखी भुकटी मिसळतात. तो फोम चुरडला की बोटांना पिठूळ लागतो.

आणि फोमच्या खाली काय आहे ते विचारायला विसरू नका. नुसत्या प्लायवर ठेवलेला चांगला फोमही बसायला दगडी लागतो. खाली इलॅस्टिकचे पट्टे किंवा झिगझॅग स्प्रिंग असतील तर तीन इंच फोममध्येही काम भागतं.

पाठ किती मागे झुकलेली हवी?

वाचायला बसायचं असेल तर सीट आणि पाठीतला कोन 105 अंशांच्या आसपास. टीव्हीसमोर रेलायचं असेल तर 110 ते 115, पण मग डोक्याला आधार हवा. तो नसेल तर मान पुढे काढून बसावं लागतं आणि रेलण्याचा फायदा मानेतून जातो.

मागे झुकण्याने कमरेला बरं का वाटतं, हे मोजून पाहिलेलं आहे. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये सुई घालून वेगवेगळ्या स्थितीतला दाब मोजला. आधाराशिवाय ताठ बसल्यावरचा दाब त्यांना उभं राहण्यापेक्षा जास्त आढळला. पाठीचा टेका मागे कलला आणि कमरेला आधार मिळाला की दाब उतरतो, हे त्यानंतरच्या प्रयोगांत दिसलं. जर्मनीत 1990 च्या दशकात पुन्हा मोजणी झाली तेव्हा ताठ बसणं आणि उभं राहणं यातला फरक तितकासा ठळक निघाला नाही, पण टेकून, सैल बसण्याच्या बाजूनेच तिचाही कौल गेला. शाळेत "ताठ बसा" म्हणून छडी दाखवणाऱ्या गुरुजींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाठ मागे कलवायची तर सीटही थोडी मागे उतरती हवी. नाहीतर माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि दर पाच मिनिटांनी वर सरकत राहतो. वाचायच्या खुर्चीला पाच अंश उतार पुरे. कमरेचा फुगवटा दबलेल्या सीटपासून 15 ते 20 सेंटिमीटर उंचीवर यावा, आणि त्याच्या खाली कुल्ल्यांसाठी मोकळी जागा सुटावी. फुगवटा खालपर्यंत आला की तो माणसाला पुढे ढकलतो.

फिनिश वास्तुकार अलव्हार आल्टोची पायमिओ खुर्ची जरूर पाहा. फिनलंडमधल्या क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियमसाठी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली. गादी अजिबात नाही, वाकवलेल्या प्लायचा एकच पापुद्रा, जो पुसून स्वच्छ करता येतो. पाठीचा कोन रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जावं अशा बेताने ठरवलेला. नुसत्या कोनाच्या आणि वळणाच्या जोरावर खुर्ची किती सोसवणारी होते, ते तिच्याकडे पाहून कळतं.

वर्क फ्रॉम होम आर्मचेअरमधूनच करतो. चालेल ना?

कोणतं काम, त्यावर आहे. फोन, मीटिंग, वाचन, कागद तपासणं, विचार करणं हे आर्मचेअरमध्ये टेबलापेक्षा चांगलं होतं. टायपिंग होत नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले असतात, हे त्याचं मूळ दुखणं. हातांना सोयीचं जमलं की मान खाली जाते, मानेला जमलं की खांदे वर चढतात. खुर्ची कितीही चांगली असली तरी ती यावर तोडगा काढू शकत नाही.

तरीही लोक करणारच, आम्हीही करतो. तेव्हा निदान एवढं करा. मांडीवर उशी, उशीवर फळी, फळीवर लॅपटॉप. यामुळे स्क्रीन दहा-बारा सेंटिमीटर वर येते आणि मांड्याही भाजत नाहीत. त्याहून चांगलं म्हणजे सी आकाराचं बाजूचं टेबल, ज्याचा पाय खुर्चीखाली सरकतो आणि फळी मांडीवर येते. त्यासाठी खुर्चीखाली मोकळी जागा लागते, हे खुर्ची घेतानाच बघायला हवं. जमिनीपर्यंत झालर असलेल्या खुर्चीखाली हे टेबल सरकत नाही.

मुद्दाम कामासाठीच करून घेणार असाल तर सांगा: आम्ही पाठ 100 अंशांपर्यंत उभी करतो, सीटची उंची 42-43 ठेवतो, सीटचा उतार जवळजवळ काढून टाकतो आणि फोम एक पायरी कडक घेतो. दिसायला ती आर्मचेअरच दिसते. रात्री सिनेमा बघायला तीच खुर्ची तितकीशी आवडणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. तीन-चार तास सलग टायपिंग असेल तर चाकांची ऑफिसची खुर्ची घ्या. आमचं नुकसान झालं तरी हाच सल्ला.

मला खुर्चीतही मांडी घालून बसायची सवय आहे. अशी खुर्ची मिळेल?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडतो, आणि तो विचारताना लोक उगाच ओशाळतात. आपल्याकडे माणसं खुर्चीत बसतात कशी, ते एकदा नीट बघा. एक पाय खाली, एक वर दुमडलेला. थोड्या वेळाने दुसरा वर. पेपर वाचताना दोन्ही वर. शेंगा सोलताना, मटार निवडताना तर मांडीच लागते. खुर्ची मात्र पाय खाली सोडून बसणाऱ्याच माणसाला धरून आखलेली असते, म्हणून गुडघे हातांवर आपटतात.

पूर्ण मांडीला गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत 70 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा सहज लागू शकते. दोन हातांच्या मध्ये एवढं अंतर ठेवलं तर नेहमी बसताना कोपरं हातांपर्यंत पोचत नाहीत. यावर आम्ही तीन प्रकारे मार्ग काढतो. एक, हात सीटच्या पुढच्या कडेपर्यंत न आणता अर्ध्यावर थांबवायचे. कोपर टेकतं आणि गुडघ्याला बाहेर यायला वाट मिळते. दोन, हाताखालची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे गुडघा हाताखालून बाहेर डोकावतो. बायकांना ही फार पसंत पडते. तीन, डेप्थ 56 ठेवून पाठीची गादी सुटी करायची: पाय खाली असताना गादी जागेवर, मांडी घालायची असेल तेव्हा गादी बाजूला. वर आम्ही उशांना नावं ठेवली, पण ही गादी मापाने केलेली आणि मागे पट्ट्याने अडकवलेली असते, सरकत नाही.

एक पाय दुमडून बसणाऱ्यांना दोन हातांमध्ये 58 ते 60 सेंटिमीटर पुरतात. सीटची पुढची कड गोल मारून घ्या. घोट्याचं हाड तिथेच टेकतं.

आई-बाबांसाठी घ्यायची आहे. उठताना त्रास होतो.

सीट थोडी उंच, फोम कडक, उतार जवळपास नाही. पाय पुरते टेकतील त्याहून दोन-तीन सेंटिमीटर उंच सीट उठायला सोपी जाते. त्याहून उंच केली तर बसल्यावर पाय लोंबकळतात आणि संध्याकाळी सुजतात. आजी फारच लहानखुऱ्या असतील तर सीट उंच ठेवून पायाखाली पाट द्यावा आणि उठताना तो पायानेच बाजूला सारावा.

दोन गोष्टी मात्र बहुतेक दुकानांतल्या खुर्च्यांत सापडत नाहीत. हात सीटच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत आणि टोकाला मूठ आवळता येईल असे गोल हवेत, कारण उठताना माणूस तिथेच जोर देतो. आणि सीटखाली पुढच्या बाजूला मोकळी जागा हवी. उठताना आपण नकळत पावलं मागे, सीटखाली घेतो. तिथे बंद पेटी किंवा ड्रॉवर असेल तर पावलं मागे जात नाहीत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. कुणाला उठताना बघितलंत तर हे लगेच लक्षात येईल.

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर फिजिओथेरपिस्टने सांगितलेली उंची आम्हाला कळवा, त्याच मापाने करू. जुन्या खुर्चीखाली विटा लावू नका.

हात किती उंच आणि किती रुंद असावेत?

दबलेल्या सीटपासून 18 ते 22 सेंटिमीटर. जास्त उंच झाले की खांदे कानाकडे चढतात. कमी झाले की माणूस एका बाजूला कलून बसतो. रुंदी आवडीची गोष्ट, पण दहा सेंटिमीटर सपाट लाकडी हात असला की त्यावर चहाचा कप राहतो, चष्मा राहतो, मोबाइल राहतो. मुंबईच्या छोट्या फ्लॅटमध्ये एक टीपॉय वाचतो. हातावर कापड लावू नका. तीन महिन्यांत तेलकट काळं होतं.

उन्हाळ्यात गादीच्या खुर्चीत बसवत नाही. काय करावं?

नागपूर, चंद्रपूर, जळगावकडून हा प्रश्न दर मार्चला येतो. फोम उष्णता धरून ठेवतो आणि त्याच्या आरपार हवा खेळत नाही. पंखा डोक्यावर फिरत असतो आणि पाठ ओली. आमचं सरळ उत्तर: पाठ वेताची घ्या. सीटला फोम ठेवला तरी चालेल, घाम मुख्यतः पाठीला येतो.

वेत विणताना आधी पाण्यात भिजवतात. ओला असताना तो वळतो, ओढला जातो, आणि वाळला की ताणून बसतो. पारंपरिक विणकाम सहा टप्प्यांत होतं: उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, मग दोन्ही दिशांनी तिरके. त्यातूनच ती अष्टकोनी भोकं उमटतात. पूर्वी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचं हे काम बरेचदा अंध कारागिरांकडे असायचं, कारण ते सगळं बोटांच्या अंदाजावर चालतं. आता तयार जाळीचा रोल मिळतो. तो चौकटीच्या खोबणीत बसवून वरून वेताचीच पट्टी ठोकतात. स्वस्त पडतो, दिसतोही तसाच, पण एका ठिकाणी सुटला की पूर्ण जाळी बदलावी लागते. हाताने विणलेल्यात तुटलेला पदर तेवढा बदलता येतो.

वेताची सीट किंवा पाठ सैल पडली असेल तर लगेच बदलायला काढू नका. खुर्ची उलटी करा, ओलं फडकं खालच्या बाजूने जाळीवर अर्धा तास ठेवा, मग सावलीत वाळू द्या. बरीचशी ताणली जाते. वरच्या चकचकीत बाजूने भिजवून उपयोग नाही. ती साल पाणी आत घेत नाही. आणि हो, वेताच्या सीटवर गुडघा टेकवून माळ्यावरचा डबा काढू नका. बहुतेक जाळ्या बसून फाटत नाहीत, अशाच फाटतात.

रेक्झिन घेतलं तर पुसायला सोपं. मग तुम्ही नको का म्हणता?

पुसायला सोपं आहेच. पण स्वस्त पीयू लेदरेटचा (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या नकली चामड्याचा) वरचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. कोकणात आणि मुंबईत ते आणखी लवकर होतं. सुरू झालं की थांबवता येत नाही, पॉलिश लावूनही नाही. पीव्हीसी रेक्झिन जास्त टिकतं, पण उन्हाळ्यात मांडीला चिकटतं. लहान मुलं आणि सांडासांड असेल तर चेनवालं, काढून धुता येणारं जाड सुती कव्हर करून घ्या. कापड शिवण्याआधी एकदा धुवायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर गादीवर चढायचं नाही.

लाकूड सागवानच हवं का?

ऐपत असेल तर हो. चंद्रपूर-बल्लारपूरकडचं सागवान, बाजारात ज्याला सीपी टीक म्हणतात, ते सरळ रेषांचं, तेलकट आणि वाळवीला दाद न देणारं. पण हे गाभ्याच्या लाकडाबद्दल झालं. बाहेरचा पांढरट भाग सागाचा असला तरी कीड तो आवडीने खाते. पॉलिशखाली तो लपतो, म्हणून पॉलिशच्या आधी एकदा येऊन बघून जा.

पूर्ण गादीने झाकलेली चौकट असेल तर सागवानावर पैसे घालवू नका, दिसणार कुणाला? तिथे चांगलं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं) प्लाय आणि वाळवलेलं साधं टणक लाकूड पुरतं. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) नको; त्यात स्क्रू धरत नाहीत आणि पावसाळ्यात ते फुगतं.

लाकडापेक्षा सांधा महत्त्वाचा. आर्मचेअर मोडते ती मागच्या पायाच्या आणि सीटच्या सांध्यात, कारण माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा पीळ तिथे पडतो. तिथे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून डिंकलेला सांधा हवा. नुसते स्क्रू आणि एल पट्टी असेल तर खुर्ची वर्षभरात कुरकुरते.

पिंटरेस्टवरचा फोटो पाठवला तर हुबेहूब बनवाल?

हुबेहूब नाही. त्यातलं काय आवडलं ते सांगा, त्यावरून करू.

सगळ्यात जास्त फोटो येतो तो चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याच्या 1956 सालच्या लाउंज चेअरचा. प्लायचे तीन वाकवलेले कवच, वर चामड्याच्या गाद्या. सुंदर आहे यात शंका नाही. पण तिची सीट कायमची मागे कललेली आणि बुटकी आहे. ती रेलण्यासाठी आहे, उठबस करण्यासाठी नाही. दारावर बेल वाजली की दर वेळी तिच्यातून उठणं काय असतं, याचा विचार करा.

दुसरा फोटो चंडीगडच्या खुर्चीचा. चंडीगडची आखणी करणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी 1950 च्या दशकात तिथल्या सरकारी इमारतींसाठी सागवान आणि वेत वापरून फर्निचर केलं. पाय कंपाससारखे फाकलेले, त्यामुळे ओळखू येतं. पुढे त्यातलं बरंच सरकारी अंगणांत भंगार म्हणून पडून होतं आणि तिथून उचललेल्या खुर्च्या परदेशी लिलावांत लाखांच्या भावाने गेल्या. या घराण्याची खुर्ची आपल्या हवेत उत्तम बसते, कारण ती याच हवेसाठी आखलेली आहे. आम्ही तिच्यावरून बरंच उचललं आहे: उघडी बाजू, वेताची पाठ, रुंद लाकडी हात. पाय मात्र आमचे वेगळे, कारण फाकलेल्या पायांना छोट्या हॉलमध्ये सगळे ठेचकाळतात.

आजोबांची कापडी आरामखुर्ची होती तशी हवी. ती एवढी आरामाची का वाटायची?

कापड शरीराप्रमाणे वळतं, म्हणून भार एका जागी न साचता सगळीकडे पसरतो, आणि पाठीला हवाही लागते. दोष दोन. कापड खांद्यांना आत दाबतं, आणि पुढची लाकडी दांडी मांडीखाली रुतते. आम्ही दांडी दोन इंच खाली घेतो आणि वरचा दांडा मधून मागे वळवतो. कापड जाड कॅनव्हासच घ्या, दरवर्षी शिवण तपासा. ते फाटतं तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

ओटीवर ठेवायची, पाय टाकायला लांब हात असलेली वेताची खुर्ची वेगळी. तिला पाच फूट मोकळी जागा लागते. गावच्या घरासाठी जरूर करून घ्या.

रिक्लायनर कसा?

ज्याला खरोखर पाय वर करून तासन्‌तास बसायचं आहे त्याला चांगला. भिंतीपासून किती अंतर लागतं ते आधी विचारा, आणि मोटरचा असेल तर वीज गेल्यावर तो सरळ होतो का, तेही.

बीन बॅग?

मुलांना द्या.

बाळाला पाजायला आर्मचेअर हवी आहे.

हात दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे आणि या एका खुर्चीत मात्र मऊ, कारण कोपर तासभर तिथेच असतं. सीट बुटकी, पावलं पूर्ण टेकलेली. पाठ डोक्यापर्यंत उंच, म्हणजे रात्री तीन वाजता डुलकी लागली तरी मान लटकणार नाही. बाळ हातात असताना झोप अनावर झाली तर मात्र खुर्चीत थांबू नका, बाळाला त्याच्या जागी ठेवा.

पायांची उंची किती ठेवावी?

सीटखाली निदान 15 सेंटिमीटर मोकळे. झाडू आत गेला नाही तर तिथे काय साचतं ते खुर्ची हलवाल तेव्हा कळेल. आपल्याकडे फरशी रोज पुसतात आणि पायांचे तळ रोज ओले होतात. लाकडी पाय तळातूनच कुजतात, लोखंडी पाय गंजून फरशीवर तांबडे डाग पाडतात. म्हणून तळाला नायलॉनचे बुश मारून घ्या. पायाचं उघडं टोकही पॉलिश करायला सांगा. सुतार ते हमखास विसरतो.

शोरूममध्ये खुर्ची कशी तपासू?

जो रोज बसणार आहे त्यालाच घेऊन जा. पंधरा मिनिटं बसा, फोन बघत बसा, सेल्समनशी बोलत बसू नका. पहिली दोन मिनिटं मऊ खुर्ची जिंकते. दहाव्या मिनिटाला मांडीखाली काय होतंय ते बघा. मग हातांवर जोर न देता उठून दाखवा. शेवटी खुर्चीचा एक पुढचा पाय दोन-तीन इंच उचला. दुसरा पुढचा पाय लगेच सोबत उठला तर चौकट घट्ट आहे. मागे राहिला तर सांधे ढिले आहेत.

खुर्ची घरात जाईल ना?

ऑर्डर देण्याआधी लिफ्टचं दार, घराचं मुख्य दार आणि खोलीचं दार मोजून कळवा. चौकटीचं नाही, दार पूर्ण उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी राहणारी जागा. बिजागरीपाशी दाराची जाडी तीन-चार सेंटिमीटर खाते. आमच्या बहुतेक खुर्च्या 74 ते 78 सेंटिमीटर रुंद आहेत आणि आडव्या करून नेता येतात. बेडरूमचं दार अडीच फुटी असेल आणि समोर लगेच पॅसेजची भिंत असेल, तर सुटे पाय आणि सुटी पाठ असलेला प्रकार घ्या. जिना असेल तर वळणावरचा एक फोटो पाठवा, कठडा दिसेल असा.